सीक्वेलची तुलना कोणत्या ‘मूळ’ चित्रपटाशी?

संपादक महोदय,

गाजलेल्या विज्ञानपटाचा पुढचा भाग आला की ‘मूळची सर नाही’ हे वाक्य ठरलेलेच. ‘ब्लेड रनर २०४९’बद्दल (२०१७) ते अजून ऐकू येते. पण असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे, की रिडली स्कॉट यांच्या १९८२च्या मूळ ‘ब्लेड रनर’ची कोणती आवृत्ती पाहिली आहे?

१९८२ साली अमेरिकेत लागलेल्या आवृत्तीत नायक डेकार्डचे (पळालेल्या रेप्लिकंटांचा, म्हणजे कृत्रिम माणसांचा, शोध घेणारा) निवेदन आहे आणि शेवटी डोंगरांतून जाणारा सुखान्त प्रवास. त्यातली हवाई दृश्ये ‘द शायनिंग’ या दुसऱ्याच चित्रपटासाठी चित्रित होऊन न वापरलेल्या फुटेजमधली. १९९२च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट दोन्ही गेले, युनिकॉर्नचे स्वप्न आले आणि डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट असावा ही शंका बळावली. २००७च्या ‘फायनल कट’ने उरलेल्या चुका निस्तरल्या. त्यांतली एक तर साध्या हिशेबाची. सहा रेप्लिकंट पळाले, एक मेला, म्हणजे उरले पाच. शोध मात्र चौघांचाच. पाचवा म्हणजे डेकार्ड, असा तर्क प्रेक्षक कित्येक वर्षे लढवत होते! फायनल कटमध्ये अधिकारी ‘दोन मेले’ असे म्हणतो. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी याच्या हातून सुटलेले कबूतरही पावसाळी रात्रीतून एकदम निळ्या आकाशात शिरत नाही. पुढचा भाग पाहण्याआधी हीच आवृत्ती पाहावी.

डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘२०४९’ची खरी हुशारी अशी, की त्या चित्रपटाने डेकार्डचे कोडे सोडवलेलेच नाही. रेप्लिकंट बनवणारा उद्योजक वॉलेस डेकार्डला ‘तुला प्रेमात पडण्यासाठीच घडवले असेल तर?’ असे सुचवतो आणि तिथेच थांबतो. प्रश्न मात्र उलटा केला आहे. मूळ चित्रपटात ‘हा माणूस की यंत्र’ याचा शोध होता. इथे नायक ‘के’ रेप्लिकंट आहे हे सुरुवातीपासून माहीत असते. आपण कोणी खास आहोत ही आशा त्याला लागते, ती खोटी ठरते, आणि त्यानंतर तो काय करतो यावर सारा चित्रपट उभा आहे. दोन्ही पटकथांच्या लेखकांत हॅम्प्टन फँचर आहेत, हे इथे जाणवते.

दृश्यांची तुलनाही वरवरची होते. छायाचित्रकार जॉर्डन क्रोननवेथ यांनी मूळ चित्रपटात धूर, पाऊस आणि मागून येणारा प्रकाश वापरला, त्यामागे वातावरणाइतकीच गरजही होती: स्टुडिओतला जुना रस्ता उघडा पडू नये म्हणून चित्रीकरण रात्रीचे झाले. रेप्लिकंटांच्या डोळ्यांतली चमक भिंगासमोर ४५ अंशांत धरलेल्या अर्धपारदर्शक आरशातून आणली होती. ‘२०४९’चे छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी त्याची नक्कल केली नाही. वॉलेसच्या दालनात भिंतींवर पाण्यातून हलणारा उजेड आहे, लास व्हेगासला नारिंगी धूळ. या कामाला त्यांचे पहिले ऑस्कर मिळाले, चौदाव्या नामांकनात. ‘के’ची होलोग्राम सखी जॉय आणि मॅरिएट ही स्त्री एकमेकींत मिसळतात त्या प्रसंगात दोन्ही अभिनेत्रींच्या त्याच हालचाली वेगवेगळ्या चित्रित करून एकावर एक बसवल्या आहेत. त्या पूर्ण जुळत नाहीत, म्हणूनच तो प्रसंग अस्वस्थ करतो.

मूळ चित्रपटातली त्याची प्रेयसी रेचल हिची प्रतिकृती ‘२०४९’मध्ये नाकारताना डेकार्ड म्हणतो, ‘तिचे डोळे हिरवे होते.’ मूळ चित्रपटात ते तपकिरी आहेत. रेप्लिकंट ओळखण्याच्या चाचणीयंत्राच्या पडद्यावरचा डोळा मात्र हिरवा दिसतो. ही चूक, आठवणीतली गफलत, की तिला परत पाठवण्यासाठी मुद्दाम सांगितलेले खोटे? मला शेवटचा अर्थ पटतो.

कमी पडतो तो खलनायक. रॉय बॅटीकडे चार वर्षांचे आयुष्य आणि त्यातून आलेली तडफड होती. वॉलेसकडे नुसती प्रवचने आहेत. मूळ चित्रपट दोन तासांच्या आत संपतो, हा पावणेतीन तासांच्या आसपास जातो, आणि बंडखोर रेप्लिकंटांचा धागा तरीही अर्धवट सुटतो. कथेतला २०२२चा अंधार (वीज जाऊन नोंदी नष्ट झाल्याची घटना) नीट समजायला शिनिचिरो वातानाबे यांचा वेगळा लघुपट पाहावा लागतो, हेही बरे नाही. सर्वांत खटकते ते शेवटचे संगीत. पायऱ्यांवर बर्फ पडत असताना मूळ चित्रपटाचे संगीतकार व्हँगेलिस यांची बॅटीच्या मृत्यूची धून परत येते. ‘के’ने तोवर स्वतःचा शेवट कमावलेला असतो. त्याला उसन्या सुरांची गरज नव्हती.

– एक वाचक