शीवची टेकडी आणि तुझे बूट

मुलुंड, रविवार

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा मधे मधे बोलून सगळं आधीच फोडतात, म्हणून लिहून पाठवते. आधी कबुली देऊन टाकते. माळ्यावरचे तुझे ट्रेकचे बूट काल बाबांनी घातले. पुढचं ओघात येईलच.

दर पावसाळ्यात तू म्हणतोस, आई, तुम्हाला एकदा हरिश्चंद्रगडावर नेतो. तुला रजा मिळत नाही आणि माझे गुडघे काही तुझ्या रजेची वाट बघत थांबणार नाहीत. म्हणून काल आम्ही दोघं लोकलने किल्ल्यावर गेलो. शीवच्या. हसू नकोस. चार वर्षं ते स्टेशन ओलांडून माटुंग्याला कॉलेजला गेलास, एकदा तरी उतरलास का? (मी तरी कुठे उतरले होते म्हणा.)

रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवार धरला. सातची स्लो. इतक्या सकाळी चक्क बसायला मिळालं. शीवला पूर्वेला बाहेर पडलो की थोड्या अंतरावर नेहरू उद्यान, तिथूनच वर वाट. टेकडी बेताचीच आहे, मी दोनदा बसले आणि तरी पोचले. वर पडक्या भिंती आणि दगडादगडावर कोरलेले बदाम-बाण. पण कठड्याशी उभं राहिलं की खाली लोकल जाताना दिसते, आणि गंमत म्हणजे आपण रोज जिच्यात चेंगरत होतो ती वरून अगदी रिकामी, शहाण्यासारखी वाटते.

बाबा घरून वाचून आले होते. हा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या जेराल्ड औंजियर या गव्हर्नराच्या काळातला, १६६९ ते १६७७ मधला. टेकडीच्या अलीकडे इंग्रजांचं परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, आणि मधे खाडी. म्हणून तर हिचं नाव शीव! गावाची शीव असते ना, तीच. साहेबाने सायन केलं आणि आपणही तेच म्हणत बसलो.

तेव्हा मला एकदम आठवलं. लग्न लागल्यावर दादरहून आम्ही टॅक्सीने मुलुंडला निघालो, तर तुझ्या आजीने शीवला गाडी थांबवायला लावली आणि आमच्यावरून नारळ ओवाळून टाकला. नवी नवरी शीव ओलांडते म्हणून. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि मी शरमेने मान खाली घालून बसले होते. मला वाटलं होतं, सासूबाई कुठेही नारळ टाकतात. पस्तीस वर्षांनी कळलं की त्यांनी जागा अगदी नेमकी धरली होती.

उतरताना बूट गेला. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक चपाक्-चपाक् वाजायला लागला. पाच-सहा वर्षं माळ्यावर पडून आतला गोंद सुकून गेला असणार. मी डब्याच्या पिशवीचा बंद काढून बांधून दिला. स्टेशनाबाहेरच्या मोचीने हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, वरचं चामडं बरं आहे, पण खालचा तळ मेलाय. धागा धरणार नाही." मी म्हटलं, घरी चला. बाबा म्हणाले, धारावी पुढ्यात आहे, चामड्याच्या दुकानांच्या गावात माणूस अनवाणी परत जातो का? आणि बंद बांधलेला पाय घासत निघाले. पश्चिमेला उतरून वीसएक मिनिटं चाललो. तिसऱ्या दुकानात कोल्हापुरीसारख्या जाड चपला मिळाल्या, साडेचारशेला. मी चारशेवर अडले होते, पण बाबा त्या घालून केव्हाच बाहेर!

तिथेच काळा किल्ला. बेस्टचा डेपो त्याच नावाचा आहे, पण किल्ला विचारला तर लोक डेपो दाखवतात. शेवटी एका शाळकरी मुलीने घरांमागच्या बोळातून नेलं. तीन कोनांचा छोटा बुरूजच म्हण, आणि त्याला दारच नाही. शिडी लावून आत जायचं, असा बांधलेला. भिंतीवरच्या पाटीत गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि साल १७३७. बाबांनी साल वाचलं आणि त्यांची छाती फुगली. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं, दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई. साष्टी पुढे १७७४ पर्यंत मराठ्यांकडे होती, म्हणजे आपलं मुलुंडही. "आपल्याला भिऊन बांधलाय हा," ते त्या मुलीला म्हणाले. तिने मान डोलावली आणि विचारलं, "काका, तुमच्या पिशवीत बूट का?"

समोरच्या बाजूला ते निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकायचे. ते पुढच्या खेपेला ठेवलं, कारण मला नव्या मेट्रोत बसायचं होतं. धारावी ते शीतलादेवी, एकच स्टेशन, दहा रुपये. जिने उतरायला जेवढा वेळ लागला तेवढा प्रवासाला लागला नाही. वर आलो तर माहीम. किनाऱ्यावर बसून थालीपीठ आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, सी लिंक समोर. माहीमचा किल्ला लांबूनच पाहिला. वरळीचाही करायचा होता, पण बाबांना नव्या चपलेने फोड आला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही झोप येत होती. बसने दादर, तिथून स्लो. कुर्ल्याला मी जागी झाले. शीव केव्हा गेली ते कळलंच नाही.

दिवाळीला येशील तेव्हा वरळी राहिलंय ते करू. मोठी सॅक आणू नकोस, छत्री आण.

तुझी आई

ता. क. डाव्या बुटाचा तळ अजून शाबूत आहे, म्हणून बाबा जोडी टाकू देत नाहीत. पुसून पुन्हा माळ्यावर ठेवलीय. काय करायचं ते तूच त्यांना सांग.