जुनं यंत्र आणि राईतले खड्डे

संपादक महोदय,

मी गोव्यातल्या डिचोलीत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं तरी लोक अजून वस्तू घेऊन घरी येतात. दिवाळीनंतर दोन तरुण मुलगे एक जुनं मेटल डिटेक्टर घेऊन आले. जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटी काकाने विलायतेहून आणलेलं, सत्तरच्या दशकातलं. "आवाजच येत नाही, बघता?" मी उघडलं. बॅटरीच्या क्लिपला हिरवा गंज, एका जागी सुटलेला सांधा (ड्राय सोल्डर), नॉबमागचा सूर जुळवणारा भाग (गँग) मळाने अडकलेला. तासाभरात यंत्र शिट्टी घालू लागलं. मी पैसे घेतले नाहीत. हे कशाला हवं, तेही विचारलं नाही, आणि आता तेच मला खातंय.

पंधरा दिवसांनी आमच्या जवळच्या देवाच्या राईत गेलो, तर वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, बुडाशी गुडघाभर खड्डा आणि वीरगळ एका अंगावर कललेला. आजूबाजूला आणखी पाच-सहा खड्डे. उपसलेल्या मातीत गंजके खिळे, विळ्याचा तुकडा आणि खापरं. एक खापर मी हातात घेतलं. बाहेरून काळपट, पण फुटलेली कड ताजी, विटकरी रंगाची. म्हणजे ते भांडं परवापर्यंत मातीत धड होतं, कुदळीने फुटलं.

अशी यंत्रं हाताळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनं जवळ आली की शिट्टी वाजायची, हे यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. एक ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी तयार करणारं सर्किट, पेटीत, दुसरा खालच्या कॉइलमध्ये. कॉइलजवळ धातू आला की तिची फ्रिक्वेन्सी सरकते आणि सूर बदलतो. सोनं की खिळा, हे त्याला कळत नाही. नाणं असेल तर जेमतेम चार-पाच इंचांपर्यंत पोचतं. ऊन लागलं की सूर आपोआप सरकतो, दर थोड्या वेळाने नॉब फिरवावा लागतो. त्यात आपला डिचोली तालुका म्हणजे खनिजाचा पट्टा. तांबड्या मातीत आणि चिऱ्यात लोहच लोह, त्यामुळे जमिनीवरून कॉइल नुसती खालीवर झाली तरी यंत्र ओरडतं. माझ्याच परसात मी ते फिरवून पाहिलं होतं. बाटल्यांची बुचं निघाली आणि विहिरीच्या कडेला चार बोटं खाली पोर्तुगीज अमदानीतलं 1958 चं 10 सेंताव्हचं नाणं. गुडघाभर खड्डा खणायला लावणारा आवाज बहुतेक वेळा नुसत्या मातीचा असतो.

आणि समजा, खरंच काही लागलं तर? गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि सप्तकोटीश्वराचं नाव आहे, तोच आपल्या नार्वे गावचा देव. असं नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापरासोबत होतं, यावरून तिथे कोण राहत होतं ते कळतं. खिशात घालून सोनाराकडे नेलं की उरतं फक्त वजन. सत्तरी तालुक्यातल्या नानोडा गावात 2023 मध्ये एका शेतकऱ्याला मडक्यात तांब्याची आठशेहून जास्त जुनी नाणी मिळाली. त्याने ती सरकारच्या हवाली केली, म्हणून आज ती अभ्यासाला उपलब्ध आहेत. त्या माणसाला माझा नमस्कार.

कायदाही स्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा वाटा जातो, वर तुरुंगवासही होऊ शकतो. आमच्या भागात किती जणांना हे ठाऊक आहे? ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखवावं आणि देवस्थान समित्यांनी राईवर लक्ष ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

पुरातत्त्व खात्यानेही माणूस पाठवावा. वीरगळाला मी तूर्त दोन चिऱ्यांचा टेकू दिलाय, पण मिरगाच्या पावसात खड्ड्यात पाणी साचलं की तो टिकणार नाही. फुटलेली खापरं पिशवीत घालून, कुठल्या खड्ड्यातली ते चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे ठेवली आहेत. कुणी अधिकारी आले तर जागा दाखवायला मी सोबत येईन. त्या दोन मुलांनीही यावं. मी रागावणार नाही. कुठला खड्डा किती खोल गेला आणि त्यातून काय निघालं, हे फक्त त्यांनाच सांगता येईल.

एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, डिचोली