युद्धाच्या तालमीत शाळा कुठे आहे?

मा. संपादक,

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. केंद्राच्या यादीत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ही आपल्या किनाऱ्याची नावं होती. भोंगे वाजले, स्ट्रेचर धावले. शाळांना मात्र उन्हाळ्याची सुट्टी होती. दिवसाचे पाच-सहा तास आपली मुलं जिथे असतात, ती जागाच तालमीतून सुटली. शाळा भरलेली असताना ही तालीम पुन्हा घ्यावी, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

मी दापोली तालुक्यात आरोग्यसेविका होते. युद्ध म्हटलं की जखमी डोळ्यांसमोर येतात, पण रोजचे उपचार तुटले तरी मुलांच्या जिवावर बेततं. गाझात 2024 मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला. तिथे पंचवीस वर्षांत पोलिओचा रुग्ण नव्हता! मग सप्टेंबरात ठरावीक तास हल्ले थांबवून साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजले. एल साल्वादोरमध्ये तर 1985 साली, यादवी ऐन भरात असताना, सरकार आणि बंडखोर दोघांनीही मुलांच्या लसीकरणासाठी तीन दिवस लढाई थांबवली. माणसांनी मनावर घेतलं तर एवढं होतं.

रोजचे उपचार तुटतात म्हणजे काय, याची चुणूक आपल्याला जून 2020 च्या निसर्ग वादळात मिळाली. रस्त्यांवर झाडं आडवी, फोन बंद, वीज कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे नाही. आमच्याकडे एका शाळकरी मुलीला मधुमेहासाठी इन्सुलिन लागायचं, आणि ते थंड ठेवावं लागतं. तिच्या आईने बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या मडक्यात ठेवली, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते सुकू दिलं नाही. त्या माउलीला हे ठाऊक होतं. शाळेत कुणाला ठाऊक असेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत मुलं तपासतं. कुणाला दमा, कुणाला फिट, कुणाला हृदयाचा त्रास, याची नोंद होते. ती यादी औषधाच्या नावासह मुख्याध्यापकांच्या कपाटात हवी, आणि पालकांकडून आठवड्याची औषधं घेऊन शाळेत ठेवायला हवीत. पाचवी-दहावीत धनुर्वात-घटसर्पाचं टीडी इंजेक्शन देतात. त्या दिवशी गैरहजर असलेलं पोर राहून जातं; त्याला शोधून टोचायला हवं.

प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना तरी हाताने करून शिकवा: वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणं अजून चालतं, ते तर आधी थांबवा.

आणि खाडीकाठच्या ज्या शाळांचा दवाखाना पलीकडच्या तीरावर आहे, तिथे फेरीबोट बंद पडली तर होडी कुणाची घ्यायची, हेही जिल्हा परिषदेने आताच ठरवून शाळेला कळवावं.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. दापोली, जि. रत्नागिरी