कण्हेर लावा, पण ती विषारी आहे हेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यातही फुलत राहणाऱ्या झाडांवरचा लेख वाचला. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) या दोघींचे त्यात भरभरून कौतुक आहे आणि ते खोटे नाही. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नळाला रोज पाणी नसते, गुलाब-शेवंती माना टाकतात. अशा वेळी अंगणात रंग उरतो तो कण्हेरीचाच. माझ्या कुंपणाला ती २० वर्षांपासून आहे, गुलाबी आणि पांढरी. म्हणून लेख आवडला. पण त्यात एक ओळ हवी होती, ती नव्हती. ही दोन्ही झाडे मुळापासून फुलापर्यंत विषारी आहेत. ती ओळ नसण्याची किंमत मी पाहिली आहे, आणि ती माझ्यामुळे दुसऱ्याला मोजावी लागली, म्हणून हे पत्र.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत असे. कमी पाण्यात झाड कसे तग धरते हे दाखवायला कण्हेरीच्या पानासारखे दुसरे पान नाही. ब्लेडने पातळ काप घ्यायचा, रंगद्रव्यात बुडवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. वर जाड मेणचट थर, आणि पानाच्या खालच्या अंगाला छोटे छोटे खळगे. श्वास घेण्याची छिद्रे त्या खळग्यांत, बारीक केसांच्या आड दडलेली असतात. बाहेर लू वाहत असली तरी त्या खळग्यातली दमट हवा सहजासहजी निघून जात नाही. मुले ते पाहून थक्क होत. शेवटी मी सांगायची, ‘चीक विषारी असतो, हात धुवा.’ एवढेच. तास संपायचा. इतक्या वर्षांत त्या एका वाक्यापुढे मी कधी गेले नाही, ही माझी चूक.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, मी कुंपण छाटून घेतले. कण्हेरीच्या फांद्या, त्यात शेवग्याचा पाला, थोडा कडुनिंब, असा सगळा भारा माळीदादांनी फाटकाबाहेर भिंतीला लावून ठेवला. दोन दिवस तो तिथेच वाळत पडला. गल्लीच्या टोकाला एक आक्का राहतात. त्यांच्या तीन शेळ्या रोज याच रस्त्याने बोरी नदीकडे चरायला जातात. ताज्या कण्हेरीला शेळी सहसा तोंड लावत नाही, कडू लागते. पण पाने सुकली, दुसऱ्या पाल्यात मिसळली, की तिला ती ओळखू येत नाहीत. विष मात्र सुकल्याने कमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का फाटकाशी आल्या. ‘ताई वं, मन्ही बकरी मरी गयी.’ त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हते. दुसरी शेळी लाळ गाळत बसून होती, म्हणून गुरांच्या डॉक्टरांना माझ्या फोनवरून बोलवायचे होते. डॉक्टर आले, मेलेल्या शेळीचे पोट फाडून पाहिले. अर्धवट चघळलेल्या चाऱ्यातून त्यांनी चिमट्याने पानाचा एक तुकडा काढला आणि पाण्याने धुऊन माझ्यापुढे धरला. मधली जाड शीर, तिच्या दोन्ही बाजूंना काठापर्यंत गेलेल्या केसासारख्या बारीक, समांतर शिरा. हेच पान मी फळ्यावर आयुष्यभर काढत आले होते. डॉक्टरांनी नाव घ्यायच्या आधी मीच म्हणाले, ‘कण्हेर.’ आणि मग आक्कांना भाऱ्याचे सांगितले.

दुसरी शेळी वाचली. औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, आणखी उपचार झाले. चालवू नका, पळवू नका, सावलीत शांत बसू द्या, असे डॉक्टरांनी बजावले, कारण हे विष थेट हृदयावर बसते आणि हालचालीने त्यावर ताण वाढतो. मेलेली शेळी गाभण होती. मी पैसे दिले. आक्का घेत नव्हत्या, मी पदरात बांधले. शेळीचा भाव काढता येतो. पण आक्कांच्या घरी सकाळचा चहा तिच्या दुधावर होत होता, त्याचा भाव मला काढता आला नाही.

माणसालाही हे विष तसेच बाधते. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळा, चक्कर. पुढे नाडी मंदावते, तिचा ठेका चुकतो. हृदयरोगाच्या ‘डिजॉक्सिन’ या औषधाशी जुळणारी ही द्रव्ये आहेत, त्यामुळे मात्रा चुकली की हृदय बंद पडू शकते. घरगुती उतारा यावर नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, दूध-लिंबाच्या भरवशावर थांबू नये. झाडाची एक डहाळी सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जावे, जिथे ईसीजी निघतो. उलटी थांबली म्हणजे धोका टळला असेही नाही, हृदयाचा त्रास मागाहून सुरू होऊ शकतो. कण्हेरीच्या काडीने दात घासू नयेत. वाळलेले लाकूड चुलीत किंवा शेकोटीत घालू नये, धूरसुद्धा बाधतो.

यातले आपल्या पूर्वजांना माहीत नव्हते असे नाही. संस्कृतात कण्हेरीला ‘करवीर’ म्हणतात, तसेच ‘अश्वमारक’ही म्हणतात, म्हणजे घोड्याला मारणारी. आयुर्वेदात सात उपविषे, म्हणजे दुय्यम विषे, सांगितली आहेत: रुई, थोर, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. अफू सोडली तर बाकीची सहा आपल्या गावाच्या शिवारात सापडतील, आणि त्यांतल्या कितीतरी आपण देवाला वाहतो. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला कळलावी फुलते तेव्हा तिच्या लाल-पिवळ्या ज्वाळांपुढे पाय थबकतात. तिचाही कंद लोक आता हौसेने कुंडीत लावतात. लावू देत, पण रताळ्यासारखा दिसणारा तो कंद स्वयंपाकघराजवळ ठेवू नये, एवढे तरी कुणी सांगावे. जुनी माणसे हे ज्ञान नावातच बांधून ठेवत. आपण नाव घेतो आणि अर्थ विसरतो.

रोपवाटिकेत मी मुद्दाम विचारून पाहिले. बिट्टीचे रोप हातात घेऊन म्हटले, ‘घरात लहान मूल आहे, चालेल ना?’ विक्रेता म्हणाला, ‘बिनधास्त लावा ताई, काही होत नाही, गुरंसुद्धा खात नाहीत.’ गुरे का खात नाहीत, हे त्यालाही कुणी सांगितले नसणार. त्याला दोष देऊन काय करू? पण बिट्टीच्या बीबद्दल मला विशेष भीती वाटते, कारण त्या झाडाचे सर्वांत जास्त विष बीमध्येच असते, आणि मुलांचा हात नेमका तिथेच जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, अंगण मुलांनी भरते. यंदा आखाजीच्या दुपारी शेजारच्या अंगणात माझी नात आणि तिच्या मैत्रिणी भातुकली मांडून बसल्या होत्या. लाकडी पाट्यावर हिरवे काहीतरी वाटत होत्या. ‘आजी, चटणी घे,’ म्हणून नातीने वाटी पुढे केली. ती बिट्टीची हिरवी फळे होती. कुणी तोंडात घातले नव्हते. सगळ्यांचे हात साबणाने तीन-तीनदा धुतले, पाटा फेकून दिला, आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही.

झाडे उपटा, असे मी म्हणत नाही. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावतात ते योग्यच आहे. पाणी कमी लागते, गुरे तोडत नाहीत. केरळमध्ये मे २०२४ मध्ये देवळांचा कारभार पाहणाऱ्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने कण्हेरीची फुले नैवेद्यात आणि प्रसादात वापरायची नाहीत, पूजेला चालतील, असा निर्णय घेतला. मला ही रीत पटते. आपणही गणपतीला, महादेवाला कण्हेर वाहावी, पण तीर्थाच्या पात्रात पाकळ्या सोडू नयेत, प्रसादाच्या ताटाभोवती सजावट करू नये. अंगणवाडी, शाळा आणि गोठ्याच्या कुंपणाला ही झाडे नकोत. घरी बिट्टी असेल तर फळे हिरवी असतानाच तोडून टाकावीत. आणि छाटलेल्या फांद्या रस्त्यावर मुळीच नकोत. घंटागाडीत दिल्या तर त्या कचरा डेपोवर मोकाट गुरांपुढे जातात, म्हणून मी आता परसात खड्डा करून पुरते. जाळत नाही.

रोपवाटिकांना एक विनंती आहे. रोपाच्या पिशवीला किमतीची चिठ्ठी लावता, तिच्यावरच ठळक मराठीत ‘विषारी, मुले व जनावरांपासून दूर’ एवढे लिहा. नगरपालिका मोफत रोपे वाटते तेव्हा तिनेही लिहावे.

आणि आपल्याला विनंती अशी, की पहिला पाऊस पडला की लोक रोपे घ्यायला निघतात. त्याआधीच्या एखाद्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत त्या लेखात राहिलेली ओळ छापावी.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव