वर्गातला शरद ऋतू मुंबईचा असावा

माननीय संपादक,

गेल्या वर्षी नवरात्रात, दुसरीत शिकणाऱ्या माझ्या नातवाला शाळेतून ऋतूंवरचा प्रकल्प मिळाला. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी केशरी-लाल पाने, भोपळ्याची चित्रे आणि निष्पर्ण झाडाचा कटआउट आणून कार्डशीटवर चिकटवायचा, एवढेच त्यात करायचे होते. चित्राखाली त्याने फळ्यावरून उतरवून घेतले, ‘शरद ऋतूत हवा थंड होते व झाडांची पाने गळतात.’ त्या दुपारी त्याच्या गणवेशाचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता आणि आमच्या खिडकीबाहेरचा पिंपळ हिरवागार होता. बत्तीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवल्यानंतर ते वाक्य वाचून मनाला लागले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ते चित्र खोटे नाही. ते युरोप-अमेरिकेतले आहे. तिकडे दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की पानांतले हरितद्रव्य नाहीसे होते, एरवी त्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. हे मुलांना जरूर सांगावे. परंतु आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्या सुमारास आभाळ मोकळे होते, जमिनीत ओल असते आणि ऊन चटके देऊ लागते. आपल्याकडे पानगळ येते ती शिशिरात, आणि देशी बदामाची लालभडक पाने रस्त्यावर पडतात तीही थंडी सरताना. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून छापलेले तेवढे खरे मानायची सवय सातव्या वर्षी लागावी, हे मला फार घातक वाटते.

कृतीतून शिकवायचे तर एक मीटरची सरळ काठी पुरते. तिसरीच्या वर्गाला मी दरवर्षी गच्चीवर नेत असे. २३ सप्टेंबरच्या सुमारास, पाऊस उघडलेला असेल त्या दिवशी, बादलीतल्या वाळूत काठी उभी करायची आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडेल अशी मुलांची पैज असे. ती पडे साडेबाराच्या सुमारास. कारण आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणे चालते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्या दिवशीची सर्वांत आखूड सावली साधारण ३४ सेंटिमीटर भरते, ऑक्टोबरच्या मध्याला ५० च्या पुढे जाते आणि २२ डिसेंबरला ९० ओलांडते. सूर्य दक्षिणेकडे सरकतो म्हणजे काय, हे पट्टी हातात धरून ओणवे बसलेल्या मुलांना मला कधी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या आणि आपट्याची पाने येतात. हिरवट लोंबीतला दाणा नखाने दाबला की दुधासारखा पांढरा रस येतो, तर पिकलेल्या लोंबीतला दाणा कडक लागतो. भात कसा तयार होतो हे त्या दोन दाण्यांत दिसते. आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात, तीही आणून मुलांपुढे ठेवावीत. आपट्याचे पान लहान, जाड, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे चांगलेच मोठे. ओळखण्यासाठी एकेक पान पुरते, त्यासाठी झाड ओरबाडू नये हेही तेव्हाच सांगता येते.

शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे, प्रथम सत्राची परीक्षा याच दिवसांत येते आणि कित्येक शाळांना मैदान नाही, हे मी जाणते. पण आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्पाला जागा आहेच; विकतच्या पानांचे गुण सावलीच्या नोंदींना द्यावेत, वेगळी तासिका लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. ते गाव मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आहे.

प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंदा ऋतूंच्या प्रकल्पासाठी पालकांकडे साहित्याची यादी धाडण्याआधी एका वर्गाला अर्धा तास गच्चीवर किंवा आवारात जाऊ द्यावे. काठी, खडू आणि मोजपट्टी शाळेत असतेच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, दादर, मुंबई