पत्ते, कात्री आणि राजीनामा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी सोडून पूर्ण वेळ क्लोज-अप, म्हणजे लोकांच्या अगदी जवळ, टेबलाशी दाखवायची जादू करायची म्हणतोस आणि विचारतोस, यावर पोट भरेल का? हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणं माझ्या जिवावर येतं. त्यापेक्षा डाय व्हर्नन या जादूगाराबद्दल लिहितो. तुझ्या प्रश्नाला याहून खरं उत्तर मला सुचत नाही.

व्हर्नन 1894 साली कॅनडात ओटावाला जन्मला आणि 1992 मध्ये, 98 वर्षांचा होऊन गेला. जादूगार मंडळी त्याला नुसतं 'प्रोफेसर' म्हणायची. आज जगात कुठेही कोणी टेबलाशी बसून पत्ते किंवा पेले-गोळ्यांचा प्रयोग करत असेल, तर त्याच्या हातात व्हर्ननचं काहीतरी असतंच. आणि हा माणूस उमेदीची कितीतरी वर्षं जगला तो कात्रीवर! समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची बाजूने दिसणारी आकृती काळ्या कागदातून, रेघ न आखता, भराभर कापून द्यायची, हा त्याचा धंदा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर हिंडायला आलेल्या लोकांच्या छाया त्याने अशा कापल्या. कात्रीने घर चालवलं आणि पत्त्यांचा कॅट स्वतःसाठी राखून ठेवला. मला ही तडजोड वाटत नाही. ज्या पानांवर भाडं अवलंबून नाही, त्या पानांशी माणूस हवा तेवढा वेळ झुंजू शकतो.

बेड्या तोडून सुटणारा प्रसिद्ध जादूगार हुडिनी, त्याचा किस्सा तू ऐकला असशीलच, पण नीट सांगतो. कोणतीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखतो, असं हुडिनीचं म्हणणं असे. 1922 साली शिकागोत व्हर्ननने त्याला एका पानावर आद्याक्षरं लिहायला लावली, ते पान सगळ्यांदेखत वरून दुसरं ठेवलं आणि वरचं पान उलटलं. आद्याक्षरं तिथेच! तीनदा झालं, तीनच्या पुढेही झालं, हुडिनीला काही केल्या उलगडेना. (कसं केलं ते लिहीत नाही. तुला माहीत आहे, आणि पत्र कुणाच्याही हाती पडू शकतं.) हजारोंच्या गर्दीसमोर बेड्यांतून सुटणारा माणूस हातभर अंतरावरच्या एका पानाने गप्प झाला. क्लोज-अपचं सगळं सामर्थ्य मला या एका प्रसंगात दिसतं.

त्याहून मला भिडते ती 1932 सालची हकीकत. कॅन्ससमधल्या विचिता शहराच्या तुरुंगात एका जुगाऱ्याने व्हर्ननला सांगितलं की कॅटच्या मधोमधून पान वाटणारा एक माणूस आहे. वरून दुसरं वाटणारे होते, तळातून वाटणारे होते. मधून वाटणं ही तेव्हा दंतकथाच मानली जायची. व्हर्नन शोधत निघाला. मंदीचे दिवस, हाताशी पैसा बेताचा. शेवटी मिसूरी राज्यातल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावात त्याला अ‍ॅलन केनेडी भेटला आणि त्याने ते डोळ्यांसमोर करून दाखवलं. या शोधातून पैसा मिळण्याची काही आशा नव्हती. मित्रा, असा शोध घ्यावासा वाटतो का, हे स्वतःला विचार. उत्पन्नाचा हिशोब त्यानंतर मांड.

तो हिशोबही मांडायलाच हवा. धंदेवाईक क्लोज-अप म्हणजे बहुतेक वेळा मेजवान्या, लग्नं, कंपन्यांचे समारंभ. दिवे नाहीत, पडदा नाही, मंच नाही. गप्पांत आणि जेवणात रमलेल्या टेबलापाशी तू न बोलावता जातोस, आणि पहिल्या काही वाक्यांतच ठरतं की लोक तुला राहू देणार की नाही. तिथे हातापेक्षा नजर जास्त लागते: कुणाला पान ओढायला द्यायचं, कोण मुद्दाम अडवणार, कोण लाजून हात मागे घेणार. पाठीमागे वेटर उभा असतो, डावीकडून एखादं लहान मूल वाकून बघत असतं, म्हणजे आरशासमोर बसवलेला कोन तिथे निकामी. प्रयोग संपला की पुढच्या टेबलापर्यंतच्या चार पावलांत सगळं सामान पुन्हा जागेवर यायला हवं. म्हणूनच मुरलेले लोक रात्रभर तेच मोजके प्रयोग करतात. तू पत्रात नव्या प्रयोगांची जी लांबलचक यादी दिली आहेस, तिची मला काळजी वाटते. शेवटच्या टेबलाला तोच प्रयोग पहिल्याइतक्या कुतूहलाने दाखवता येणं ही या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे.

वेगाबद्दलही तू लिहिलंस. वेग वाढवून काही होत नाही रे. व्हर्ननचा आयुष्यभराचा आग्रह एकच होता: सहज वागा. काही लपवायचं नसताना हात जसा हलतो तसाच तो लपवतानाही हलला पाहिजे. अर्जेंटिनाच्या रेने लावांदचे प्रयोग मिळतील तिथे बघ. नऊ वर्षांचा असताना अपघातात त्याचा उजवा हात गेला. डाव्या एका हाताने तो पत्ते शिकला, आणि शिकला तेही संथपणे करायला. तीन लाल आणि तीन काळी पानं आलटून पालटून ठेवायचा, ती आपसूक वेगळी व्हायची, मग तेच आणखी हळू, आणखी हळू. तोही अर्जेंटिनातल्या तांदिल शहरात बँकेत कारकुनी करत होता आणि तिशी उलटल्यावरच पूर्ण वेळ या धंद्यात आला.

1941 मध्ये न्यूयॉर्कला एका बांधकामावर नोकरी करत असताना व्हर्नन ईस्ट नदीत पडला, दोन्ही हात मोडले. त्या हातांना त्याने पुन्हा काम करायला लावलं. 1963 साली हॉलिवूडमध्ये मॅजिक कॅसल हा जादूगारांचा क्लब उघडला, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. पुढची जवळपास तीन दशकं तो तिथेच बसायचा आणि दुरून दुरून शिकायला आलेल्या पोरांचे हात बघायचा. पर्सी डायाकोनिस त्याच्याबरोबर हिंडायला चौदाव्या वर्षी घर सोडून निघाला, आणि पुढे नावाजलेला गणिती झाला. कॅट नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो हे 1992 मध्ये गणिताने दाखवणाऱ्या दोघांपैकी तो एक.

तेव्हा माझा सल्ला सांगतो. राजीनामा एवढ्यात देऊ नकोस. आधी शनिवार-रविवारची कामं घे, पैसे ठणकावून घे, फुकट कुठेही करू नकोस. आणि पेल्यांचा प्रयोग बसला की मला बोलाव. समोर बसणार नाही, डाव्या बाजूला जरा मागे बसेन. तिथून जे दिसेल ते सगळं तुला स्पष्ट सांगेन.

तुझाच,
मित्र