विंचूदंश आणि चेतासंस्था

माननीय संपादक महोदय,

भातकापणी सुरू झाली की कोकणात गडग्यांतून आणि पेंढ्यांतून लाल विंचू निघतात आणि 'विंचू उतरवणाऱ्यां'कडे रीघ लागते. वेदना थांबली म्हणजे विष उतरले, हा समज मात्र घातक आहे. कारण वेदनेची जाणीव मेंदूपर्यंत नेणारे संवेदी चेतातंतू वेगळे आणि हृदय, रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी यांचे काम आपल्या नकळत चालवणारी स्वायत्त चेतासंस्था वेगळी.

चेतातंतूच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांतून सोडियमचे आयन आत शिरतात तेव्हा संदेश पुढे सरकतो आणि क्षणार्धात ते मार्ग बंद होतात. विंचवाचे विष ते नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे संदेश पुन्हा पुन्हा सुटत राहतात. दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय ही त्याचीच लक्षणे असून, पुढे रक्तदाब वाढून फुप्फुसांत पाणी साचल्यास रुग्ण, विशेषतः लहान मूल, दगावू शकते. अशा वेळी दंशाच्या जागी फारसे दुखत नसले तरी धोका टळलेला नसतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी या विकारात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. स्वायत्त चेतासंस्थेचाच भाग असलेल्या अनुकंपी चेतांमुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. मांत्रिकाला दक्षिणा द्यायचीच असेल, तर ती रुग्णालयातून परतल्यावर द्यावी! हे औषध व प्रतिविष जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात मिळते, याचा फलक ग्रामपंचायतींनी कापणीपूर्वीच लावावा, ही विनंती.

– एक वाचक, चिपळूण